टेपकाकूंच्या छपरावरची डिश

सकाळी सात वाजता टेपकाकूंनी नवऱ्याचा डावा पाय मांडीवर घेतला, घोट्याच्या वर दोन बोटं सोडून टेप गुंडाळली आणि सेंटिमीटरचा आकडा वाचला. पंचवीस. काल साडेचोवीस होता. खिडकीच्या चौकटीवर निळ्या खडूने त्यांनी पंचवीस लिहिलं आणि कालचा आकडा ओल्या बोटाने पुसून टाकला.

"वाढला?" रोलरकाकांनी विचारलं.

"अर्धा."

"म्हणजे अजून वाढीचं वय आहे माझं."

टेपकाकू हसल्या नाहीत. पाय खाली ठेवताना मात्र काचेचं भांडं ठेवावं तसा ठेवला. कोपऱ्यात हवेचं मशीन घरघरत होतं. त्याची पातळ नळी खुर्चीमागून वळसा घेऊन काकांच्या नाकाशी पोचत होती. गॅसवर चहा उकळत होता. शिलाई मशीनवर काकांचा आकाशी शर्ट उलटा पडला होता, दोन्ही कुशींना टाचण्या लावलेला. दर तीन महिन्यांनी त्यांचा एकेक शर्ट बोटभर आत घ्यावा लागे.

तेवढ्यात दार वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या घराचं दार कुणी वाजवत नसे. वस्तीत एक्केचाळीस घरं, आणि नेट फक्त या एका घरात. त्यामुळे सकाळपासून व्हरांड्यात कुणी ना कुणी फोन घेऊन बसलेलं असायचंच. कुणाचा फॉर्म, कुणाचा अभ्यास, कुणाची परगावची लेक पडद्यावर. आत येणारा दारातूनच हाक मारायचा, "काकू, पासवर्ड तोच ना हो?" पासवर्ड होता 'छाती४२'. लग्नात काकांच्या कोटाचं माप ते, इंचात. आता छाती चौतीस राहिली होती, पासवर्ड बेचाळीसच होता, आणि वस्तीतल्या चार वर्षांच्या पोराला सुद्धा तो पाठ होता.

काकूंनी दार उघडलं. शाळेच्या बाई आणि दुकानदार उभे होते. दोघेही चपला न काढता. बाईंच्या हातात सरकारी लिफाफा.

"आत या की. दार कसलं वाजवताय पाहुण्यासारखं?"

"बसायला नाही आलो, काकू," बाई म्हणाल्या, आणि मग बसल्याच. त्यांनी कागद उलगडला आणि वर्गात वाचतात तसा वाचला. सदर वस्तीतील एक्केचाळीस घरांना वेगवान इंटरनेटची सुविधा उपलब्ध असल्याचे पाहणीत आढळल्यामुळे वस्तीचा केबल योजनेत समावेश करता येत नाही.

"एक्केचाळीस घरांना?" काकू म्हणाल्या. "कुठल्या गाढवाने केली ही पाहणी?"

बाईंनी मागचं पान पुढे केलं. त्यावर एका कार्डाची छापील प्रत होती, आणि कार्डाच्या तळाच्या रकान्यात निळ्या शाईत ४१. काकूंचा चार सगळी वस्ती ओळखते. खडूने कापडावर लिहायची सवय, म्हणून त्याची खालची गाठ त्या सोडूनच देतात. वस्तीतल्या प्रत्येकाच्या पँटच्या अस्तरावर तसला चार कधी ना कधी उमटलेला आहे.

काकूंनी त्या चारवर बोट ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात ते कार्ड टपालाने आलं होतं. वरती लिहिलेलं, ग्राहकाने भरावे. पहिले प्रश्न सोपे होते. शेवटचा होता, या सुविधेचा उपयोग किती घरांना होतो? काकूंनी पेन खाली ठेवून विचार केला होता. माप चुकीचं लिहायचं नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. वस्तीच्या वरच्या टोकापासून एकेक घर आठवलं. इथला परीक्षेचा फॉर्म, तिथलं औषध, पलीकडच्याचा पंपाचा सुटा भाग. एकही घर सुटेना. मग त्यांनी एक्केचाळीस लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर लिहिताना छाती थोडी फुगली होती. काका म्हणाले होते, "पाहुणेरावळे धरून बेचाळीस लिही, पासवर्डशी जुळेल."

"मला वाटलं, किती लोकांच्या कामी येतं ते विचारतायत," काकू म्हणाल्या.

"लोकांच्या कामी काय, चांगलंच आलं," दुकानदार म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभाच होता. "सगळ्या वस्तीची बटणं तुमच्या हातात होतीच. आता केबल पण तुमच्याच कात्रीने गेली."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," बाई त्याला म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. मग काकूंकडे वळल्या. "सोमवारी नकाशाचा माणूस येतोय. दुरुस्ती करता येते म्हणे. फक्त सही तुमचीच लागेल, कार्ड तुम्ही भरलंय ना."

"शंभर सह्या करते," काकू म्हणाल्या. "त्यात काय."

मागे चहा उतू गेला होता. त्याचा करपट वास घरभर पसरला, तरी कुणी उठलं नाही.

रोलरकाकांची गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, नाहीतर ती डिश छपरावर का चढली ते कळायचं नाही. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्याचा रोलर चालवला. वस्तीपर्यंत येणारा डांबरी रस्ता त्यांच्याच चाकाखाली दबलेला. डांबराचा धूर आणि खडीची धूळ इतकी वर्षं आत जात राहिली, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी फुप्फुसांनी हात टेकले. त्यामागून हृदयानेही कुरकुर सुरू केली, पायांवर पाणी चढायला लागलं. मोठं हॉस्पिटल बसने साडेतीन तासांवर. प्रवासात न्यायच्या छोट्या हवेच्या मशीनची बॅटरी दोन तास चालते. गेल्या खेपेला पुलाच्या अलीकडेच ती संपली, आणि काकूंनी बसमध्ये नवऱ्याची नखं निळी होताना पाहिली. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने एका गॅरेजसमोर बस थांबवून वायर लावून दिली. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी सांगून टाकलं, परत बस नाही.

लेक शहरात नर्स आहे. तिने खटपटी करून टेकडीवरच्या टॉवरवरून नेट घेतलं. पाण्याची टाकी आड न येता टॉवर दिसतो असं वस्तीत हे एकच छप्पर, म्हणून डिश इथे. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता डॉक्टर पडद्यावर येतात. ओठ बघतात, नखं बघतात, काकांना वीसपर्यंत आकडे म्हणायला लावतात आणि कितव्या आकड्याला दम लागतो ते पाहतात. मग विचारतात, "काकू, माप?" काकू घोट्याचा आकडा सांगतात आणि त्यावर पाण्याच्या गोळीचा हिशेब ठरतो. दोन वर्षांत एकदाही हॉस्पिटलात भरती करावं लागलं नाही. डॉक्टर एकदा म्हणाले होते, "तुमची टेप माझ्या निम्म्या स्टाफपेक्षा बरी आहे."

त्या अर्ध्या तासापुरता व्हरांडा रिकामा करायचा, एवढा एकच नियम होता. काकूंनी हात वर केला की सगळे आपापले फोन बंद करायचे.

सोमवारी नकाशेवाला आला. चाळिशीचा, बारीक आवाजाचा, बुटांवर रस्त्याची धूळ. घरात सात-आठ माणसं जमली होती, बाई आणि दुकानदार त्यात होतेच. त्याने मांडीवर पाटीसारखा पडदा ठेवून सगळ्यांना नकाशा दाखवला. मुलुखभर चौकोन आखलेले, काही हिरवे, काही पांढरे.

"पांढऱ्यात केबल जाते. हिरव्यात नेट आहे असं धरलंय, तिथे जात नाही. तुमचा हा." त्याने बोट ठेवलं. एकटा हिरवा चौकोन, चारी बाजूंनी पांढरे.

"मग खोडते ना मी," काकू म्हणाल्या. "एक्केचाळीस खोडून एक लिहिते. नेट एकाच घरात आहे, ही खरी गोष्ट."

"एक लिहिलं तरी हिरवाच राहतो."

"एका घरासाठी?"

"चौकोनात एक घर असलं तरी चौकोन हिरवा. शून्य असावं लागतं."

"अहो, पण शून्य लिहिलं तर खोटं होईल की."

नकाशेवाल्याने पडद्यावरून नजर उचलली नाही. "म्हणून आधी कनेक्शन बंद करायचं. कंपनीचा तसा दाखला जोडायचा. मग शून्य खरं होतं."

दुकानदाराने घसा खाकरला. "समजा, तपासणीच्या दिवशी डिशवर पोतं टाकलं तर?"

"यादी कंपनीकडून येते. पोत्याचं त्यांना काही कळत नाही."

"आणि मग केबल कधी?" बाईंनी विचारलं.

"सगळं सुरळीत झालं तर आठ महिने."

"तोवर हे कनेक्शन परत मिळेल का?" हे काकूंनी विचारलं.

"टॉवर भरलेला आहे. तुम्ही सोडलं की यादीतला पुढचा माणूस घेईल." तो थांबला. "मला माहितीये काकू, हे विचित्र आहे."

"विचित्र कसलं. कपडा बसत नाही म्हणून माणूस कापायचा म्हणताय."

"मी नुसतं माप घेतो," नकाशेवाला म्हणाला. "कापणारे वर बसतात."

त्याने फॉर्म टेबलावर ठेवला, वर काकूंची टेपच वजन म्हणून ठेवली आणि पंधरा दिवसांत पाठवा म्हणाला. जमलेली माणसं उठली. जाताना कुणीही काकूंच्या डोळ्यांत पाहिलं नाही. कोणी म्हणालं असतं, काकू, सोडा ते कनेक्शन, तर काकूंना भांडता आलं असतं. कोणी म्हणालं असतं, नका सोडू, तर रडता आलं असतं. कुणी काहीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांडा रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. काकू येरझारा घालून दाराशी उभ्या राहत. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालताना पाठ करून उभी राही. शिवायला टाकलेले कपडे लोक मुलांकरवी मागवून घेत. काकूंनी एकदा एका पोराला अडवून विचारलं, "काय रे, पासवर्ड विसरलास का?" ते पोर म्हणालं, "आई म्हणाली, काकूंचं नेट वापरायचं नाही, मोजतात."

शाळेच्या बाई मात्र एकदा आल्या. खाली पायरीवर बसल्या.

"मी तुम्हाला सही करा म्हणायला नाही आले," त्या म्हणाल्या.

"मग कशाला आलात?"

"म्हणायलाच आले असेन." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "सात मुली होत्या माझ्या शेवटच्या वर्गात. परीक्षा आता नेटवर असते. मोठ्या गावाला आदल्या दिवशी मुक्कामाला जावं लागतं. चौघींना घरून नाही पाठवलं. चौघींची शाळा संपली, काकू."

"माझ्या व्हरांड्यात बसवायचं होतं की."

"बसवून बघितलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून. सरावाच्या पेपराला दोघींचं चाललं. तिसरीने उघडलं की तिघींचंही गोठलं."

एक्केचाळीस या आकड्याची काकूंना आता लाज वाटली. आयुष्यात मोजून एकदाच त्यांनी माप मनाने लिहिलं होतं.

"आठ महिने, बाई. आठ महिने डॉक्टर यांना बघणार नाहीत."

"टाकीपाशी फोनला रेंज येते ना? डॉक्टरांना नुसतं बोलून…"

"फोनवर ओठ दिसत नाहीत," काकू म्हणाल्या.

उठताना बाईंनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, मग ते बरोबर नाही असं वाटून काढून घेतला.

लेकीला पडद्यावर सगळं सांगितलं तेव्हा ती ड्युटीच्या कपड्यातच होती. "आई, हे बघ, सही करायची नाही. विषय संपला. उद्या बाबांना काही झालं तर ती चाळीस घरं येणारेत का?"

"येतील गं. खांदा द्यायला सगळेच येतात," मागून काका म्हणाले.

"बाबा, तुम्ही बोलू नका, दम लागेल. आई, नाहीतर दोघं इकडे या."

"तुझ्या चौथ्या मजल्यावर? जिना मी रोलरने चढू का?"

लेक हसली आणि मग तिने आपला फोन दुसरीकडे वळवला, तिचं तोंड दिसेना.

काका या सगळ्यात गप्पच होते. गप्प म्हणजे त्यांच्याकडे श्वासच मोजके, ते उगाच खर्च करायचे नाहीत. पण नकाशेवाला येऊन गेल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी दहा वाजता पडदा सुरू झाला, डॉक्टर दिसले, आणि काकांनी पायाने रेटून खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"काका दिसत नाहीत मला," डॉक्टर म्हणाले.

"अहो, वळा इकडे." काकूंनी खुर्ची ओढली. ती जाम हलेना. एवढा वाळलेला माणूस, पण जागा सोडायची नाही ठरवलं की रोलरसारखाच.

"ओठ कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. काकूंनी वाकून पाहिलं. "जांभळट. फार नाही. धुऊन विटलेल्या जांभळ्या दोऱ्यासारखे."

"काकू, मला स्वतःला बघावं लागेल."

काका भिंतीकडे बघत राहिले. शुक्रवारी तेच. पडदा बंद झाल्यावर काकूंचा तोल गेला.

"काय चालवलंय हे? लहान आहात का?"

"डॉक्टरला मी दिसत नाही," काका सावकाश म्हणाले, "मग नेटचं काय काम आपल्याला? करून टाक सही."

"आणि तुम्ही मेलात तर?"

"मग तर अजिबातच काम नाही."

काकूंनी हातातली कात्री टेबलावर आपटली. काका वाट बघत राहिले. मशीन घरघरत होतं. मग ते बोलले, तीन-चार शब्दांमागे थांबत.

"हा रस्ता केला ना. वळणावर एक म्हातारी होती. रस्त्याच्या हद्दीत तिचा मिरच्यांचा वाफा. मला म्हणाली, दोन तोडे होऊ दे. मग फिरव. पंधरा दिवस मागत होती."

"मग?"

"साहेबाने हात केला. मी लीव्हर ओढला." त्यांनी दम घेतला. "रस्ता काय, थांबायला नको होता. त्याच रस्त्याने गाडी आली म्हणून आपली पोरगी सुखरूप जन्मली. पण मी खाली उतरून तिला दोन शब्द बोललो नाही. वरूनच. चाक फिरवलं."

"त्याचं आता काय?"

"आता वाफा आपला आहे," काका म्हणाले.

काकूंनी आयुष्यात या माणसाशी पुष्कळ भांडणं जिंकली होती. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्या भांडल्या, जेवणं थंड झाली, आकाशी शर्ट टाचण्यांसकट तसाच पडून राहिला. घोटा साडेपंचवीस झाला. रविवारी संध्याकाळी त्यांनी खुर्चीपुढे स्टूल ओढलं.

"करते सही. पण एक अट. ते काढून नेईपर्यंत जेवढ्या वेळा डॉक्टर येतील तेवढ्या वेळा तुम्ही सरळ तोंड करून बसायचं. शेवटच्या वेळेला सुद्धा."

"शेवटच्या वेळेला नवा शर्ट घालून बसतो."

"नवा कुठे आहे? आत घेतलेला आहे."

"तोच."

काकूंनी टेप बाजूला केली, फॉर्म ओढला, एक्केचाळीसवर सरळ रेघ मारली आणि शेजारी शून्य काढलं. शून्याची गाठ या वेळी नीट मिटवली. मग खाली सही केली.

सोमवारी बाईंनी फॉर्म मोठ्या गावी पोचवला. कंपनीचा निरोप दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. शुक्रवारी माणूस येईल, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान. काकूंनी मनाशी धरलं, दुपार होईल. कंपनीचा माणूस कधी वेळेवर येतो?

त्या मंगळवारी काका सरळ बसले. डॉक्टरांनी ओठ पाहिले, नखं पाहिली. आकडे म्हणायला लावले. काका अकराला थांबले. मागच्या महिन्यात चौदापर्यंत गेले होते.

काकूंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटून नाकाची दांडी चिमटीत धरली. ते रागावले नाहीत, तेच काकूंना जड गेलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "असं करू. उद्याच्या बसने रक्ताचा नमुना पाठवा. शुक्रवारी सकाळी अहवाल माझ्या हातात येईल. तो आणि काकांना बघून मी एक तक्ता सांगतो. घोटा अमुक झाला तर गोळी इतकी, तमुक झाला तर इतकी, आणि कुठल्या आकड्याला थांबायचंच नाही, काहीही करून इकडे आणायचं. तुम्ही लिहून घ्या. आठ महिने त्या तक्त्यावर काढायचे. अंदाजाने गोळी वाढवायची नाही, काकू. कमी पडली तर पाणी चढतं, जास्त झाली तर किडनी जाते."

"समजलं."

"शुक्रवारी दहा. चुकवू नका. त्यानंतर मी सहा दिवस परगावी आहे."

बुधवारी नमुना बसने गेला. गुरुवारी काकूंनी आकाशी शर्ट पूर्ण केला, काजं नव्याने केली, इस्त्री मारली. गुरुवारीच दुकानदार आला. दारातून हाक न मारता, दार न वाजवता, नुसता येऊन उभा राहिला. हातात चहाची पुडी होती.

"त्या दिवशी कात्रीचं बोललो मी," तो म्हणाला.

"बोललात."

"बायको जेवायला वाढत नाहीये सरळ."

"बरं करते," काकू म्हणाल्या. पुडी घेतली. तो आणखी काही बोलेल असं वाटलं, पण तो डिशकडे बघून परत गेला.

शुक्रवारी सात वाजता घोटा सव्वीस. काकूंनी खडूने लिहिलं. आज कालचा आकडा पुसला नाही. खरं तर मंगळवारपासूनचे चारही आकडे त्यांनी चौकटीवर राहू दिले होते. एकाखाली एक, सगळे चढते. काकांना आंघोळ घातली. त्यात दोनदा थांबावं लागलं. आकाशी शर्ट घातला, तो खांद्यात बरोबर बसला आणि कुशीत पुन्हा थोडा सैल वाटला. काकूंनी सैल भाग मागे ओढून एक टाचणी लावली, पडद्यावर दिसू नये म्हणून. वही उघडून पेन वर ठेवलं. पानावर आधीच दोन रकाने आखले होते, माप आणि गोळी. माप चोवीसपासून चढत्या क्रमाने भरत आणलं होतं. गोळीचा रकाना कोरा होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं.

खांद्यावर शिडी घेतलेला माणूस होता. पन्नाशीचा, कंपनीचा बिल्ला लावलेला, कपाळावर आत्ताच घाम. बाहेर त्याची गाडी चालूच होती.

"डिश काढायची आहे ना? राउटर पण द्या, दोन्ही जमा होतं." त्याने शिडी भिंतीला टेकवली, हलवून पक्की केली. "दहा मिनिटांचं काम आहे. पुलापलीकडे दुसरीकडे हीच बसवायची आहे, ते लोक सकाळपासून फोन करतायत."

तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढला. खिडकीतून त्याचे बूट दिसत होते. काका खुर्चीत पडद्याकडे तोंड करून ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. पडदा अजून काळाच होता. समोरच्या घरातली बाई बादली घेऊन अर्ध्या वाटेत थांबली होती, आणि वळणावर शाळेच्या बाई उभ्या होत्या. दोघींपैकी कुणी पुढे आलं नाही.

टेपकाकू बाहेर आल्या. गळ्यात टेप होती. त्यांनी शिडी एका हाताने धरली, हलू नये म्हणून धरतात तशी.

"दहाला डॉक्टर यांना बघतात," त्या म्हणाल्या. "साडेदहाला काढा."